ताजी पाटी डॉट कॉम

लिलावात मला फसवणारा अजून जन्माला यायचाय. मी सत्यवती. बोर्ली पंचतनच्या बाजारात म्हावरं विकते. पहाटे बंदरावर होड्या लागल्या की माझी नुसती भुवई हलली तरी भाव हलतो. शाळा दुसरीपर्यंत झाली. पुढे शिकवायला मास्तर तयार होते, मलाच सवड नव्हती. तरी सांगते, मी इंटरनेटच्या धंद्यात उतरले तेव्हा पनवेलची शिकलेली पोरं माझा सल्ला घेत होती.

झालं असं. माझा भाचा हितेश पनवेलला कंप्युटरवर काम करतो. शिमग्याला घरी आला तेव्हा म्हणाला, "आत्या, आजकाल लोक नावं विकतात."

"कसली नावं? आपल्याकडं तर लोक फुकट ठेवतात."

"तसली न्हाय गं. नवी कंपनी निघाली की तिच्या वेबसाइटला नाव लागतं. एक नाव एकालाच मिळतं. आपण आधी घेऊन ठेवायचं, मागून येणारा आपल्याकडूनच घेणार."

मला एका दमात कळलं. ही तर बाजारातली बसायची जागा. पहाटे जाऊन पाटी ठेवायची, वर्षाचं भाडं भरायचं, मग दुसरीने तिथे टेकायचं नाही. टेकलीच तर मी आहे.

"मालकाचं नाव लपवता येतं का?" मी विचारलं.

"येतं की. मधे दलाल असतो. तो कोणाचं नाव कोणाला सांगत न्हाय."

इथे मी धंदा पक्का केला. बंदरावरसुद्धा मी स्वतः बोली लावत नाही. मी उभी दिसले की माल चांगला असणार म्हणून भाव चढतो. मी दुसऱ्याला पुढे करते आणि मागे पान लावत बसते.

हितेशने मासे, होड्या, दर्या अशी बरीच नावं शोधली आणि मला वाचून दाखवायला लागला. चार ऐकून मी हात वर केला. पाटीतले वरचे चार बघायचे, खाली उलथापालथ करायची नाही, ही आमच्यातली रीत. खाली हात घालते तिला पारख नाही असं समजतात. म्हटलं, "अख्खी पाटी घे. आणि घरात कोणाला बोलू नको."

आता माझा मुलगा विनेश. त्याने दोन दोस्तांबरोबर कंपनी काढायचं ठरवलं. आपल्या बंदराचं म्हावरं काशीदच्या रिसॉर्टवाल्यांनी मोबाइलवर मागवायचं, ह्यांनी सकाळी पोचवायचं. सोमवारी रिसॉर्टवाल्यांची बैठक होती. वेबसाइट दाखवली तर काम ह्यांना, नाहीतर अलिबागच्या दुसऱ्या एका कंपनीला. आणि शनिवारी पोरगा तोंड पाडून घरी आला.

"आये, नाव गेलं. कोणीतरी आधीच घेऊन बसलाय."

"दुसरं घे."

"दुसरं नको. 'ताजी पाटी' पायजे. तू बाजारात हाक देतेस ती. लहानपणापासून तीच कानात हाय."

डोळ्यांत पाणी येणार होतं, त्याच्या आत राग आला. माझी हाक? माझ्या तोंडची हाक कोणी चोरून नेली?

"दलालाकडून विचारलंय," विनेश म्हणाला. "भाव देऊ का?"

"एकदा बोली लाव आणि पाठ फिरव. गप्प बस. तोच मागून हाक मारतो का न्हाय बघ."

तासाभरात हितेशचा फोन. "आत्या, आपल्या पाटीतल्या एका नावाला गिऱ्हाईक आलंय. देऊ का?"

"पहिल्या बोलीला माल सोडतात व्हय रे? गप्प बस. गिऱ्हाईक आपोआप वर चढतं."

दोन्ही पोरं आज्ञाधारक. विनेश गप्प बसला. हितेशही गप्प बसला. अख्खा रविवार दोघे असे गप्प बसले की जणू गळ टाकून मासाच वाट बघतोय, गळवाला कधी चावतो. संध्याकाळी विनेशच्या दोस्ताचा फोन आला, दुसरं नाव घेऊन मोकळे होऊ म्हणून. पोराने मान खाली घातली. मला ते बघवेना.

"लाव त्या दलालाला फोन. मी बोलते."

फोन लावून माझ्या हातात दिला आणि विनेश अंगणात जाऊन बसला. माझं बोलणं ऐकायची त्याची छाती नव्हती. जवळ फक्त माझी सून विनिता, सुकटीतला कचरा वेचत.

"ताई, मालक ऐकत नाहीत," दलाल म्हणाला.

"मालक कसला, चोर तो. त्याला सांग, मी ही हाक देत होते तेव्हा तू झोळीत मुतत होतास."

"थांबा, विचारतो."

तो फोन कानाला तसाच, तोवर माझा स्वतःचा वाजला. तो दुसऱ्या कानाला लावला. हितेश.

"आत्या, ते गिऱ्हाईक लाइनवर हाय. कोणी म्हातारी हाय. लय घाण बोलते. मला चोर म्हणाली."

माझं डोकं फिरलं. माझ्या भाच्याला चोर म्हणणारी ही कोण टिकोजी? "तिला सांग, तोंड एवढं सुटतं तर पदराची गाठ पण सोड. आणि भाव चढव. शिव्या देणारं गिऱ्हाईक घेतल्याशिवाय जात न्हाय."

मग पहिल्या कानात दलाल आला. चाचरत म्हणाला, "ताई, राग मानू नका. मालक म्हणतात, तोंड एवढं सुटतं तर पदराची गाठ पण सोडा. आणि भाव चढवलाय."

"त्याला म्हणावं..." मी सुरू केलं आणि थांबले. पदराची गाठ माझी होती.

हळूच दुसऱ्या कानात विचारलं, "हितू, गिऱ्हाईक कुठल्या नावाला आलंय रे?"

"ताजी पाटी. तुझी हाक म्हणून घेतलं होतं, आत्या. तू खालचं बघितलंसच न्हाय."

सुकटीवरचा विनिताचा हात थांबला होता.

दुसरी बाई असती तर तिथेच बसली असती. मी डाव्या फोनात म्हटलं, "हितू, घेतल्या भावात दे."

"पण तूच म्हणालीस..."

"म्हातारीचा तळतळाट लागंल. दे."

आणि उजव्या फोनात दलालाला खडसावलं, "शेवटचं सांगते. घेतल्या भावात द्यायला सांग, न्हायतर मी पनवेलला येऊन त्याच्या झिंज्या उपटते."

"ते पनवेलचे आहेत हे तुम्हाला कसं कळलं?"

"वासावरून. विचार."

दोन मिनिटांत तो परत आला. "ताई, मालक एकदम तयार झाले. एवढी वर्षं हा धंदा करतो, असं कधी बघितलं नाही."

"तू बोर्लीच्या बाजारात कधी आला न्हायस."

दलाली मात्र त्याने पुरी घेतली.

विनेश अंगणातून धावत आला, माझ्या पाया पडला. "आये, कसा वाकवलास गं त्याला?"

"धंद्यात माणूस ओळखता यायला पायजे," मी म्हणाले. पोरगा तसाच दोस्तांना सांगायला बंदराकडे पळाला. सोमवारी काम त्यांनाच मिळालं, आणि माझी कीर्ती पार तळा गावापर्यंत गेली. आता तिथली पोरंही भाव ठरवायला मला फोन करतात. मी सांगते.

पण त्या रविवारी विनेश गेल्यावर विनिता उठली, पदर खोचला आणि चुलीकडे जाताजाता म्हणाली, "आई, चहा ठेवते. एकच ठेवू का दोन? विकणारी पण दमली असंल."