पास्कल सरांचा पूर

पास्कल सरांना लग्नाला बोलावलं, तर ते आधी हॉलच्या मागे जातात. नवरा-नवरी नंतर. मागे केटररचा टेम्पो कसा लावलाय ते बघतात आणि जो भेटेल त्याला विचारतात, "हा वळणार कुठे?"

पूर, भूकंप झाला की मदतीला जाणाऱ्या माणसांना सर एका संस्थेत शिकवायचे. धान्य, औषधं, ब्लँकेटं कुठून आणायची, गाडीत कशी भरायची, कुणाला आधी पोचवायची. राहायचे बाळकुमच्या जुन्या गावठाणात. "घरी कोण असतं, सर?" ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी मी विचारलं. म्हणाले, "मी असतो ना."

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. ओळख करून देताना हे मी जरा ठासूनच सांगितलं.

"छान. ग्रॅज्युएट, ती गोणी उचल."

"सर, हमाल असतील ना?"

"पाठीवर घेतल्याशिवाय ती किती किलोची भरायची, ते तू कसं ठरवणार गं?"

उचलली. दोन दिवस कंबर धरून फिरले.

शेवटच्या दिवशी कोपरीतल्या एका शाळेच्या पटांगणात खोटा पूर आणला. शाळेचे बाक म्हणजे ट्रक, रिकामे खोके म्हणजे औषधं. दमून कुणी बाकावर टेकला की सर ओरडायचे, "अरे, ट्रकवरून उतर! स्प्रिंगचे पाटे तुटतील!"

आमची बॅच त्यांची शेवटची. पुढच्या महिन्यापासून ट्रेनिंग ऑनलाइन होणार होतं. संस्थेच्या साहेबांनी सकाळीच शाल-श्रीफळ देऊन त्यांना मोकळं केलं होतं. सरांनी शाल ब्लँकेटांच्या ढिगावर टाकली, नारळ धान्याशेजारी ठेवला आणि कामाला लागले.

जेवायच्या आधी सगळं सगळ्यांना पोचलं. आता सरांनी शिट्टी वाजवायची, की पूर संपला. पण सर म्हणाले, "पूल वाहून गेला." आम्ही दुसरा रस्ता काढला. "ड्रायव्हर पळाला." दुसरा शोधला. "आमदार आलेत, त्यांना फोटो पाहिजे." त्यांनाही वाटेला लावलं. ऊन उतरलं, तरी सरांच्या पुराला नवं पाणी येतच होतं.

सगळ्यांच्या घरून फोन येत होते. माझ्या आईचे तर सारखेच. सरांचा फोन टेबलावर पालथा पडला होता, तो सकाळपासून तसाच.

शेवटी डोंबिवलीचा नितीन वैतागला. "सर, आता तरी संपला म्हणा ना! वाटायला काहीच उरलं नाही."

सरांनी पटांगणभर पाहिलं. खरंच काही उरलं नव्हतं. त्यांनी शिट्टी तोंडापर्यंत नेली आणि तशीच धरून उभे राहिले.

मी पुढे झाले. "सर, खोपटच्या गोदामातून फोन होता. अजून एक गाडी निघालीय म्हणे."

नितीनने माझ्यावर डोळे वटारले. मग सरांकडे पाहिलं आणि गुपचूप आपला फोन बंद करून खिशात ठेवला.

"काय आहे गाडीत?" सरांनी विचारलं.

"ते... नीट कळलं नाही, सर."

"कळलं नाही? माल काय ते न विचारता फोन ठेवलास? आणि म्हणे ग्रॅज्युएट!" सरांचा चेहरा उजळला. शिट्टी खिशात गेली. "उठा रे, बसलात काय! तो कोपरा मोकळा करा आधी."

ती गाडी आम्ही खूप सावकाश उतरवली.