भिंतीतला बोगदा

"अख्खे डोंगर पोखरलेत मी! ही तर घरातली भिंत!" असं म्हणून बोगदेसाहेबांनी ड्रिल उचललं.

पस्तीस वर्षं बोगदे खणून निवृत्त झालेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? सुरुंगांच्या धडाक्यात हुकूम सोडून सोडून त्यांचा आवाजही असा झाला होता, की ते कुजबुजले तरी शेजारी दार उघडून 'काय झालं?' विचारत.

घर दगडी. मधली भिंत अडीच फूट जाड. वायफायचा डबा पुढच्या खोलीत, सूनबाईचं टेबल मागच्या खोलीत. रेंज त्या भिंतीपर्यंत यायची आणि रुसलेल्या जावयासारखी तिथंच अडून बसायची. एरवी चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सूनबाईची कॉम्प्युटरवर मुलाखत होती. तीन वर्षांत आलेली दुसरी संधी! पहिल्या वेळी 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर तिनं तोंड उघडलं आणि चित्र तसंच गोठलं. समोरच्यांनी तो आ वासलेला चेहरा चार मिनिटं पाहिला आणि नमस्कार केला.

"अहो, उद्यापुरतं टेबल पुढं आणू या की," साहेबांच्या पत्नी, म्हणजे घरातल्या बाई, म्हणाल्या.

"म्हणजे डोंगर आडवा आला म्हणून गाव उचलून न्यायचं! आणि नोकरी लागल्यावर? रोज आल्यागेल्यांच्या गर्दीत बसणार का ती?"

"बाबा, मग दारातून वायर नेऊ या?" सूनबाईनं भीत भीत विचारलं.

"दारातून? कुणीतरी अडखळून पडेल!"

ड्रिलचं बिट दीड फुटाचं, भिंत अडीच फुटांची. साहेबांना आनंदच झाला. बोगद्याचा नियमच आहे, दोन्ही टोकांनी खणायचं आणि मधोमध भेटायचं!

"दाराच्या चौकटीपासून दोन फूट! फरशीपासून चार फूट! तिकडून फुली मार!"

बाईंनी मागच्या खोलीत टेप लावून फुली मारली. मग जो गदारोळ झाला! कपाटातली भांडी नाचली, धूळ उडाली, साहेबांच्या मिशा पिठात लोळवल्यासारख्या झाल्या. पुढून दीड फूट, मागून दीड फूट. साहेबांनी ऐटीत वायर आत सारली.

वायर काही पलीकडे येईना. बॅटरी मारली, तर अंधार. फुंकर मारली, तर सगळी धूळ स्वतःच्याच डोळ्यांत! दोन्ही बोगदे एकाच भिंतीत, बोलणं टाकलेल्या सख्ख्या भावांसारखे आपापल्या वाटेनं गेले होते.

"तिकडची फुली चुकली असणार!" असं म्हणत साहेब तरातरा मागच्या खोलीकडे निघाले आणि दारातल्या पायरीवर अडखळून धपकन बसले.

पायरी! मागच्या खोलीची फरशी सात इंच खाली होती. ज्या पायरीला तीस वर्षं रोज अडखळून शिव्या दिल्या, तीच नेमकी मापाच्या वेळी डोक्यातून गेली! साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. ते उठले, पँटवरची धूळ झटकली आणि गंभीर आवाजात म्हणाले, "तुझ्या मापात सात इंचांचा घोळ आहे."

"चार फूट म्हणालात, चारच धरले."

"अनुभव नाही ना तुला. चालायचंच."

"चुकलं असेल हो माझंच," बाई म्हणाल्या. चेहरा मात्र एवढासा झाला.

पुढून सात इंच खाली नवं भोक पाडलं आणि आरपार! वायर गेली, पलीकडे दुसरा डबा लागला, सूनबाईच्या स्क्रीनवर रेंजच्या सगळ्या रेघा उभ्या राहिल्या! तिनं टाळ्या वाजवल्या. साहेबांनी छाती अशी फुगवली, की शर्टाचं बटण धास्तावलं.

"आता वायरीभोवतीचं भोक लिंपा. चांगली दोन बोटं मावतील एवढं आहे," बाई म्हणाल्या.

"बोगदा कधी लिंपतात का, वेडे?"

दुसऱ्या दिवशी अकराला मुलाखत सुरू झाली. स्क्रीनवर तीन साहेब, चित्र आरशासारखं स्वच्छ. बाई बाजूला श्वास रोखून बसल्या. पुढच्या खोलीत साहेब भोकाला डोकं टेकून आरामखुर्चीत बसले होते. विजय पोटात मावेना, म्हणून त्यांनी आपल्या जुन्या ओव्हरसियरला फोन लावला.

"हातून चूक झाली, तर तुम्ही काय करता?" स्क्रीनवरच्या एका साहेबांनी विचारलं.

तोच भिंत कडाडली, "चूक माझीच रे! पायरीच विसरलो! पण ठपका ठेवला बायकोवर! बिचारीनं मानलासुद्धा!"

तिन्ही साहेब कान देऊन पुढं सरकले. बाईंच्या भुवया छताला टेकल्या. सूनबाईनं एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा सासूकडे आणि म्हणाली, "सर, चूक लगेच कबूल करते. लपवायची सोय आमच्या घरात कालपासून बंद झालीय."

आणि तिनं त्यांना बोगद्याची गोष्ट सांगितली. तिघं इतके हसले, की एकाला चष्मा काढून पुसावा लागला. संध्याकाळी ईमेलनं पत्र आलं. नोकरी पक्की! तीही घरूनच!

साहेब मुकाट्यानं सिमेंट कालवून घेऊन आले.

"खबरदार!" बाई म्हणाल्या. "बोगदा कधी लिंपतात का?"

आजही ते भोक तसंच आहे. आलेल्या प्रत्येकाला साहेब ते अभिमानानं दाखवतात. फोनवर मात्र हल्ली अगदी हळू बोलतात. परवा ओव्हरसियरला बायकोबद्दल काहीतरी सांगत होते, तोंडावर हात धरून.

भिंतीतून आवाज आला, "अहो, जरा मोठ्यानं बोला! नीट ऐकू येत नाहीये!"