तोंड बघितलं का पाठ?

दत्तू आण्णांना तुम्ही विचारलंत, "आण्णा, तासगावची मोटार गेली का?" तर ते आधी रस्त्याकडे बघायचे, मग तुमच्याकडे, आणि म्हणायचे, "एक मोटार गेली. तासगावला गेली का न्हाई, शपथेवर इचारू नका." मोटार दिवसाला एकच आणि रस्ताही एकच, तरी आण्णा शपथेवर बोलायला तयार नसत. आमटीत मीठ बरोबर पडलंय का, असं घरची सून विचारायची, तिलाही हेच उत्तर. शेवटी त्या माउलीने विचारायचंच सोडून दिलं.

मी मूळचा साताऱ्याचा. पलूसच्या बाजूच्या त्या गावात शाळामास्तर म्हणून आलो तेव्हा दुसरी लढाई चालू होती. गावातले बरेच तरुण पलटणीत होते. सुट्टीवर आले की चावडीपुढे बसून बाँबच्या आणि बोटींच्या गोष्टी सांगायचे. आम्ही आ वासून ऐकायचो. आण्णा मात्र मध्येच विचारायचे, "गड्या, ह्ये तू सोता बघितलंस, का कुणी सांगितलं?" सांगणारा अडखळायचा आणि गोष्टीतला सगळा रंग जायचा. आण्णांवर चिडायचीही सोय नव्हती, कारण ते स्वतः पहिल्या लढाईत लामावर, म्हणजे थेट आघाडीवर, पहारेकरी होते. एके काळी कोसावरचा माणूस ओळखायचे म्हणे. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, पण लौकिक टिकून होता.

त्यांचं खरं वेड म्हणजे घराची भिंत. गावात काही घडलं की आण्णा दोन्ही कानांवर हात ठेवून घराकडे पळत सुटायचे आणि कुणाशी चकार शब्द बोलायच्या आत कोळशाने भिंतीवर लिहायचे. एकदा लग्नाच्या पंगतीत वाढण्यावरून दोन व्याह्यांची जुंपली. सगळे सोडवायला धावले. आण्णा तेवढे खरकट्या हातांनी कान झाकून पंगतीतून उठून पळाले. मागाहून मी ती भिंत वाचली. "व्याह्यानं आमटीचं वगराळं उगारलं. मारलं का न्हाई दिसलं न्हाई. मदी खांब हुता." आठ दिवसांत गावभर झालं की वगराळ्याने व्याह्याचं डोकं फुटलं, रक्ताच्या चिळकांड्या उडाल्या, भात लाल झाला. व्याह्याचं डोकं तर धडधाकट होतं. मी आण्णांना हसून म्हटलं, "पण कान कशाला झाकायचे?"

"बघितल्यालं डोळ्यात असतंय मास्तर," आण्णा म्हणाले. "पर लोक कानातनं त्यात भर घालत्यात."

कुणी काही सांगायला लागलं की त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे, "तोंड बघितलं का पाठ?" आम्ही शिक्षक मंडळी एकमेकांना चिडवायलाही तो प्रश्न वापरायचो.

पौषातली गोष्ट. शाळेच्या भिंतीला टेकवलेली माझी सायकल गेली. दिवेलागणीला मी वर्गाच्या खिडक्या लावत होतो, तेवढ्यात डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतलेला एक माणूस सायकल हाताने ढकलत ओढ्याकडे जाताना दिसला. मी ओरडत बाहेर येईतो कोणी नव्हतं. ओढ्यापलीकडे कवठे महांकाळकडून आलेल्या मेंढक्यांचा तळ पडला होता. मी तडक चावडीवर गेलो.

पोलीसपाटील म्हणाले, "मास्तर, खोळवाला म्हंजे बिरू मेंढक्याचा सोपान तर न्हवं? परवा साळंत पाणी प्याला आलता, तवा तुमच्या सायकलीकडं लय बघत हुता म्हनं."

"असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाव्याला सांगताना तो "अंगाने सोपानसारखा" होता. दुकानात सांगताना सोपानच होता. दुपारपर्यंत मला त्याच्या गालावरचा तीळसुद्धा आठवला. पाटलांनी सोपानला चावडीत बसवून ठेवलं. उद्या सकाळी फौजदार येणार होते आणि माझी जबानी झाली की त्याला घेऊन जाणार होते.

त्या संध्याकाळी आण्णा माझ्या उंबऱ्यात येऊन उभे राहिले.

"मास्तर, तोंड बघितलं का पाठ?"

मला राग आला. हा काय थट्टेचा प्रसंग होता? "तोंड," मी म्हणालो. "शपथेवर सांगतो."

आण्णा उंबऱ्यातच बसले. माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"बारा-तेरा वर्सं झाली. जुन्या पाटलाची कडब्याची गंजी जळाली. माघातली पहाट, धुकं पडल्यालं. एक खोळवाला गंजीकडनं पळताना म्या बघितला. पाठ. येवढंच. पाटील म्हनला, बिरू का रं? म्या म्हनलं, आसंल. मग धा जणांनी इचारलं, धा जणांस्नी सांगितलं. सांगता सांगता त्या पाठीला बिरूचं तोंड चिकटलं. कोर्टात हुबा ऱ्हाईलो, तवा मला ते तोंड सपष्ट दिसत हुतं. म्या खोटं न्हाई बोललो मास्तर. त्येचंच तर भ्या वाटतंय."

"मग?"

"तीन वर्सं तुरुंगात बसला. आला त्यो खोकत आला आन फुडचा पावसाळा त्येनं बघितला न्हाई. मागनं पाटलाच्या भावकीतल्या एकानं मरताना सांगितलं, गंजी म्या पेटवली. थंडीत खोळ कुणाच्या अंगावर नसती?"

मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"बिरूची बायकू मायाक्का दर साल मेंढरं घिऊन माझ्या बांधावरनं जाती. तिच्यासाठी रान मोकळं ठेवतो. मेंढरं बसली तर रानाला खत हुईल, तिला दाणं द्याला येतील. पर ती थांबत न्हाई. मला तिची पाठच दिसती. आन आता ल्योक."

ते उठून गेले. मी डोळे मिटून सोपानचं तोंड आठवू लागलो. तीळ दिसला. पण त्या तिळावर ऊन होतं, आणि शेजारी शाळेचा पाण्याचा रांजण होता. ते परवाचं, पाणी प्यायला आला तेव्हाचं तोंड होतं. दिवेलागणीच्या आठवणीत नुसती घोंगडी होती, पाठमोरी. मुलांना खरं बोला म्हणून शिकवणारा मी, माझी मला लाज वाटली.

सकाळी फौजदारांपुढे मी म्हणालो, "पाठ बघितली. माणूस ओळखला नाही." पाटलांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जमिनीकडे बघू लागलो. काल तर तीळ सांगत होता, असं कुणीतरी मागून पुटपुटलं. तेवढ्यात कुणी न बोलावता आण्णा पुढे झाले.

"सायब, ह्येच्या बाचीबी म्या पाठच बघितली हुती. तोंड न्हाई. शपथेवर सांगतो."

सगळी चावडी ऐकत होती. भावकीतल्या त्या माणसाची कबुली गावाला माहीत होती, पण आण्णांनी स्वतःच्या तोंडाने हे कधी कबूल केलं नव्हतं. कालपर्यंत ज्यांना मान देत होते त्या आण्णांकडे लोक आता बघेनात. सोपानला सोडलं. मायाक्का बाहेर चावडीच्या भिंतीशी बसली होती. तिने सगळं ऐकलं, उठली आणि लेकाला घेऊन गेली. माझी सायकल काही मिळाली नाही.

तिसऱ्या दिवशी तळ हलला. उन्हं उतरताना मी आण्णांच्या रानात गेलो. ते बांधाकडे तोंड करून बसले होते. रस्त्यावर धूळ उठली होती आणि मेंढरांचा आवाज येत होता.

"गेली का फुडं?" त्यांनी विचारलं. डोळ्यांना तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं.

"थांबलीत."

आण्णा हळूच म्हणाले, "तोंड दिसतंय का पाठ?"

मायाक्का बांधावर उभी होती. काठीवर हनुवटी टेकवून ती सरळ आमच्याकडे बघत होती.

"तोंड, आण्णा."

"शपथेवर?"

"शपथेवर."

पहिलं मेंढरू बांध उतरून रानात आलं आणि त्याच्यामागून सगळा कळप. सवयीने आण्णांचे हात कानांकडे गेले. पण मेंढरं जवळ आली तसे त्यांनी ते खाली घेतले आणि ऐकत बसले.