लोहचुंबकाला चिकटलेला साहेब

बाहुबली चौगुले एकवेळ पाकीट घरी विसरतील, पण खिशात लोहचुंबक असायचाच. सांगलीच्या बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना जुने फोटो जमवायचा नाद लागला होता. आरशासारखा चमकला तर चांदीच्या पत्र्यावरचा, मागून काळा रंग दिला असेल तर काचेवरचा, चुंबक चिकटला तर लोखंडी पत्र्यावरचा, हे ज्ञान ते दूधवाल्यालाही पाजत. कागदी फोटोंना मात्र ते 'किरकोळ माल' म्हणत.

त्या सोमवारी ते साताऱ्याच्या जयराजच्या भंगार दुकानातून एक गलमिशांचा साहेब घेऊन आले. चुंबक कसा खटकन चिकटला होता! बदल्यात त्यांनी माळ्यावरची सागवानी चौकट दिली. आत वडिलांच्या सोसायटीच्या संचालकांचा ग्रुप फोटो होता. किरकोळ माल.

"आवं, माळ्यावरची चौकट कुटं हाय?" आठवड्याने गुणमालाबाईंनी विचारलं.

"दिली. हा साहेब बघ की."

बाईंनी साहेबाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "त्या फोटोच्या मागं तुमच्या थोरल्या आईचा फोटो हुता वं! धाकट्या आईंना वाईट वाटू ने म्हणून मामंजींनी लपवून ठेवल्याला. मला एकडाव दाखवला आन् म्हणले, धाकटी हाय तवर काढू नको. आता धाकट्या आईंना जाऊन वरीस झालं, म्हणून काढाय गेले."

बाहुबलींना जन्म देऊन ती बाई महिन्याभरात गेली होती. तिचा एकही फोटो नाही, असंच त्यांना आजवर सांगितलं गेलं होतं. ते साहेबाला काखेत मारून थेट साताऱ्याला पोचले.

"मागनं एक बाई निघाली खरी," जयराज म्हणाला. "म्हाबळेश्वरच्या हाटेलवाल्यानं नेली. भिंतीला जुनं फोटो लावत्यात."

"मग हा पत्र्यावरचा फोटो परत घे!"

"फोटो कुटला काका? बिस्किटाच्या डब्याचं झाकण हाय त्ये. मला वाटलं, तुमास्नी म्हाईत आसंल. तुमी तर चुंबक लावून बघितलं."

दुसऱ्या दिवशी आपला सगळा संग्रह दोन पिशव्यांत भरून बाहुबली पत्नीसह महाबळेश्वरला गेले. हॉटेलच्या भिंतीवर पंचवीस-तीस चेहरे होते. त्यात आई कोणती, हे त्यांना कळेना. कुठला फोटो कशावर काढलाय हे चुटकीसरशी सांगणारा माणूस लहान मुलासारखा बायकोकडे बघत राहिला. शेवटी गुणमालाबाईंनीच बोट दाखवलं. नाकात मोठी नथ, आणि हनुवटीवर बाहुबलींसारखाच खळगा.

"हे सगळं ठेवून घ्या," पिशव्या पुढे करत ते मॅनेजरला म्हणाले. "काच हाय, पत्रा हाय, चांदीसुदिक हाय. तेवढा त्या नथवाल्या बाईचा कागदी द्या."

मॅनेजरने एकेक फोटो नीट पाहिला आणि परत पिशवीत ठेवला. "काका, मालक नाही म्हणतील. ही सगळी परकी माणसं. त्या बाईंचं कसंय, येईल ते गिऱ्हाईक म्हणतं, ही आपल्या घरातली वाटते."

बाहुबलींना खूप वाईट वाटलं. एवढ्या परक्यांना त्यांनी घर दिलं होतं आणि घरातलीला स्वतःच्या हाताने बाहेर काढलं होतं. ती माझी आई, हे सांगायचीही त्यांना लाज वाटली.

"चहा तरी घ्या," मॅनेजर म्हणाला.

बाहुबलींनी खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि बसले. चहा आला, निवला, त्यावर साय धरली.

"साहेब," ते मॅनेजरला म्हणाले, "फोटो ऱ्हाऊ द्या. त्याखालची चिठ्ठी तेवढी काढता का?"

चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'अनोळखी स्त्री'.