डावा दिवा

शुक्रवारी संध्याकाळी तुमसरच्या राईस मिलमधून घरी येताना धनराजच्या गाडीचा डावा दिवा लागला नाही. गाडी अंगणात लावून तो त्या आंधळ्या डोळ्याकडे बघत उभा होता, तेवढ्यात बपेऱ्याहून सासऱ्यांचा फोन आला.

"जवाईबापू, गाडी बरोबर आहे ना? परवा तिच्यातच नवरदेव बसन. नवरी घेऊन येताना अंधार होते, रस्त्यात रानडुकरं येतात. लाइट-गिट पाहून ठेवा."

"एकदम टकाटक आहे, मामाजी," धनराज म्हणाला आणि दिव्याकडे पाठ करून उभा राहिला.

"नाही तं आपल्या कैलाशबापूची आहेच. त्याच्या गाडीचं तं छतही उघडते."

कैलाश म्हणजे धनराजचा साडू, त्याच्या बायकोच्या, ज्योत्सनाच्या, धाकट्या बहिणीचा, चंदाचा नवरा. कारध्याला त्याचं बी-खताचं दुकान होतं, दारात लाल गाडी होती आणि त्या गाडीच्या छतात काचेची खिडकी होती. बटण दाबलं की ती सरकायची. अख्खं सासर त्या खिडकीवर फिदा होतं. घराच्या छताला एवढं भगदाड असतं तर सासऱ्यांनी, गोपीचंदरावांनी, दुसऱ्याच दिवशी कौलं फेरायला माणूस धाडला असता. गाडीला होतं म्हणून त्याचं कौतुक. मेहुणा मनिष तर स्वतःचं लग्न ठरल्यापासून म्हणत होता, की वरातीत मी छतातून उभा राहीन.

पण गोपीचंदराव मानपानाला पक्के. नवरदेवाची गाडी मोठ्या जावयाची, हे त्यांनी ठरवून टाकलं. त्या गाडीला झेंडूच्या माळा, चालवणाऱ्याला भगवा फेटा, सासूबाईंच्या हातचं ओवाळणं, आणि लग्नाच्या व्हिडिओत नवरदेवाच्या शेजारी कायमचं छापलेलं तोंड. आयुष्यात पहिल्यांदा धनराज कैलाशच्या पुढे जाणार होता. आणि आता हा दिवा.

"कवडू मिस्त्रीकडं नेऊन टाका ना जी," ज्योत्सना म्हणाली. "बल्बच तं बदलायचा आहे."

"बल्ब बदलायले मिस्त्री कायले पायजे?"

"तेही खरं. कैलाशजी तं सारं घरीच करतात. मागच्या हप्त्यात एसीची जाळी बदलली. चंदानं व्हिडिओ टाकला ना ग्रुपवर. अर्ध्या घंट्यात."

वाक्य साधंच होतं, पण धनराजच्या जिव्हारी लागलं. तो व्हिडिओ त्याने एकट्याने, आवाज बंद करून, पुन्हा पुन्हा पाहिला होता. कैलाशच्या शर्टाला एकसुद्धा डाग नव्हता.

"उद्या सुट्टी टाकतो," तो म्हणाला. "अर्ध्या घंट्याचं काम आहे."

मिलमध्ये तांदळातून काळा दाणा वेगळा काढणारं यंत्र धनराजच्या ताब्यात होतं. त्या यंत्राच्या डोळ्यांखालून डोंगराएवढा तांदूळ जातो आणि एक काळा दाणा सुटत नाही. असं यंत्र सांभाळणाऱ्याला एक बल्ब भारी पडेल, असं वाटण्याचं कारण नव्हतं.

शनिवारी सकाळी त्याने बॉनेट उघडलं. दिव्याचं बूड आणि बॅटरी यांच्यामध्ये साडेतीन बोटं जागा होती. धनराजच्या हाताला पाच बोटं होती. त्याने वरून हात घालून पाहिला, बाजूने घालून पाहिला, शेवटी डावा हात घालून पाहिला; डाव्या हातालाही पाचच निघाली. म्हणून बॅटरी काढणं आलं. दहा नंबरचा पाना घेऊन तो कामाला लागला, तेव्हा शेजारचे कृष्णराव कुंपणापाशी आले. निवृत्तीनंतर कृष्णरावांना एकच छंद होता, उघडी पडलेली कोणतीही वस्तू बघणं.

"काय जी धनराजभाऊ, इंजन उतरवून राहिले काय?"

"नाही जी. बल्ब बदलून राहिलो."

"बरं, बरं," असं म्हणून कृष्णराव घरात गेले आणि खुर्ची घेऊन आले.

बॅटरी निघाली. हात आत गेला. जुना बल्ब निघाला, नवा बसला. धनराजने बॅटरीच्या तारा तात्पुरत्या टेकवल्या आणि मोठ्या आशेने बटण दाबलं. उजवा दिवा लखलखला. डावा ढिम्म.

"बल्ब खराब दिला असन दुकानदारानं," कृष्णराव म्हणाले.

बल्ब खराब नव्हता. धनराजने तो उजवीकडे लावून पाहिला, छान पेटला. म्हणजे दोष तारेत असणार. तार दिव्यामागून खाली उतरून बंपरच्या आत शिरत होती. ती बघायची तर बंपर काढायला हवा. विचार अगदी तर्कशुद्ध होता. त्या दिवसातला धनराजचा प्रत्येक विचार तर्कशुद्धच होता, आणि प्रत्येकाने गाडी थोडी थोडी कमी होत गेली.

बंपर प्लास्टिकच्या गुंड्यांवर बसवलेला असतो. त्या गुंड्या आत जाण्यासाठी बनवलेल्या असतात; बाहेर यायचं त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. टक्, टक् करत एकेक तुटत गेली. वाकून शेवटचा नट सोडवताना हातातला पाना निसटला. गाडीच्या सांगाड्यात टण्, मग आणखी आत टण्, आणि शेवटी कुठेतरी खोल ठक्.

"गेला," कृष्णराव समाधानाने म्हणाले.

धनराजने गाडी हलवली. आत पाना वाजला, पण बाहेर काही आला नाही. उरलेला नट त्याने पक्कडीने सोडवला आणि बंपर सुटून त्याच्या मांडीवर पडला.

आत उंदराचं घर होतं. मिलच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाडीत जे सहज मिळतं ते सगळं त्या उंदराने जमवलं होतं: धानाचा कोंडा, पोत्याची सुतळी आणि धनराजचाच हरवलेला रुमाल. गृहप्रवेशाच्या आनंदात त्याने दिव्याची तार कुरतडून खाल्ली होती. जुना बल्ब मुळात चांगलाच होता.

तार जोडून त्यावर टेप गुंडाळली आणि धनराजने पुन्हा बटण दाबलं. डावा दिवा असा लागला, की भरदुपारी भिंतीवर त्याचा गोल उमटला.

"पाह्यलं?" धनराज ओरडला. "ज्योत्सना, इकडं ये!"

"पेटला वाटते," ज्योत्सना दारातून म्हणाली. "अन् गाडीचं तोंड कुठी गेलं?"

"ते बसते आता. दोन मिनिटाचं काम आहे."

त्याआधी त्याने एक काम केलं. दिव्याचा फोटो काढला, बंपरची जागा, बॅटरी, रुमाल आणि कृष्णराव काळजीपूर्वक कापून टाकले आणि तो परिवाराच्या ग्रुपवर टाकला: 'अर्ध्या घंट्यात. स्वतःच्या हातानं.' सासूबाईंचा अंगठा आला. चंदाने लिहिलं, 'वा भाऊजी!' धनराजने मेसेजवर बोट दाबून कुणी कुणी पाहिलं ते तपासलं. कैलाशने पाहिलं होतं. आणि काहीही लिहिलं नव्हतं. त्या कोऱ्या जागेकडे बघून धनराजला उन्हातसुद्धा ताक प्यायल्यासारखं वाटलं.

मग तो बंपर बसवायला गेला. गुंड्या तुटल्यामुळे डावीकडून दाबला की उजवीकडून निघायचा, उजवीकडून दाबला की डावीकडून. धनराजने एक टोक गुडघ्याने रेटलं आणि दुसऱ्या टोकाला फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून जोर लावला. स्क्रू ड्रायव्हर सटकला आणि मुठीपर्यंत आत गेला. फुस्स असा आवाज झाला.

"हे पाणी हिरवं काहून आहे जी?" कृष्णरावांनी विचारलं.

ते रेडिएटरचं पाणी होतं. ते गाडीखालून निघालं आणि निवांतपणे तुळशीकडे वाहू लागलं. धनराजने त्या भोकाला आधी बोट लावलं, मग चिंधी, मग साबणाची वडी. गाडीत आता एकच गोष्ट धड होती, डावा दिवा.

त्याने गुपचूप मागच्या दारी जाऊन कवडू मिस्त्रीला फोन लावला.

"लग्नसराई आहे, भाऊ," कवडू म्हणाला. "तीन गाड्या खोलून पडल्या आहेत. सोमवारी आणा."

"आणू कशी? चालतच नाही."

"मंग तं घाईच नाही."

संध्याकाळ झाली. कृष्णराव आपली खुर्ची घेऊन गेले. धनराज काळ्या हातांनी पायरीवर बसला. आता एकच रस्ता होता, आणि तो सरळ कारध्याला जात होता. कैलाशला फोन करायचा आणि म्हणायचं, तुझी गाडी ने. मनिष छतातून उभा राहील. फेटा कैलाशच्या डोक्यावर बसेल. त्याला शोभेलही, हे त्यातलं सगळ्यात वाईट. सासूबाई ओवाळतील. आणि मागच्या गाडीतून ते सगळं बघत, वऱ्हाडाच्या पिशव्या मांडीवर घेऊन, आपण जाऊ.

"करा फोन," ज्योत्सना म्हणाली. "मनिषचं लग्न आहे, तुमचं नाही."

त्याने फोन उचलला, तोच तो वाजला. कैलाश.

"धनराजभाऊ," कैलाशचा आवाज बारीक येत होता. "तुमच्याकडं दहा नंबरचा पाना आहे काय जी?"

धनराज सावकाश उभा राहिला. "काहून?"

"नाही, असंच. माझा छतात पडला."

"छतात कसा पडन? छत तं वर असते."

मग कैलाशने सगळं सांगून टाकलं. "तुमचा फोटो पाह्यला, भाऊ. लय चमकून राहिला होता तुमचा दिवा. म्हटलं, आपणही छताच्या काचेची पट्टी खोलून, साफ करून एक मस्त फोटो टाकू. मामाजींचं मन पालटन तं पालटन. आता पट्टी बसूनच नाही राहिली. काच अर्धी बाहेर आहे. आतलं कापड चंदाच्या हातात आहे. ती दुपारपासून धरूनच उभी आहे."

"अन् तो एसीच्या जाळीचा व्हिडिओ?"

"ती तं चिमटीत धरून ओढायची असते, भाऊ. तिले काही लागत नाही."

इतकी वर्षं सलणारा हा माणूस धनराजला एकाएकी सख्ख्या भावासारखा वाटला.

"पाना आहे माझ्याकडं," तो मायेने म्हणाला. "पण तो गाडीच्या पोटात आहे." आणि मग त्यानेही सगळं सांगितलं. उंदरापासून साबणापर्यंत. कैलाश इतका हसला, की पलीकडून चंदा ओरडली, "हसून काय राहिले? हात दुखले माझे!"

हसणं ओसरल्यावर दोघांच्याही एकदम लक्षात आलं.

"मंग नवरदेव?" कैलाशने विचारलं.

"मामाजीले तू सांग."

"मोठे जवाई तुम्ही आहात जी."

एवढा मान धनराजला नको होता. पण त्यांचा वाद मिटायच्या आत ज्योत्सनानेच वडिलांना फोन करून सांगून टाकलं होतं. गोपीचंदराव म्हणाले, "दोन जवाई, दोन गाड्या. राहू द्या. आपला हिरालाल आहे ना."

हिरालाल मनिषचा शाळेपासूनचा मित्र. गावातल्या तलावात मासे धरायचा आणि आपल्या पिकअपमधून बाजारात न्यायचा. रविवारी सकाळी ती पिकअप बपेऱ्यात दारापुढे उभी राहिली, तेव्हा ती धुऊन पुसून लख्ख केलेली होती. समोर झेंडूच्या माळा, आत उदबत्तीचा पुडा जळत होता. तरी वारा पडला की माशांची आठवण यायची. हिरालालच्या डोक्यावर भगवा फेटा होता. सासूबाईंनी त्याला ओवाळलं. व्हिडिओवाल्याने त्याला दोनदा हसायला लावलं. मनिष मागच्या हौद्यात उभा राहिला. त्याला छत नव्हतंच, त्यामुळे तो कंबरेपासून वर सगळाच्या सगळा बाहेर होता आणि फार खूश होता.

"रात्री सांगितलं अन् सकाळी हजर," गोपीचंदराव ज्याला त्याला सांगत होते. "हिरालालसारखा मानूस नाही."

दोन्ही जावई मागे हौद्यात टाकलेल्या गादीवर, वऱ्हाडाच्या पिशव्या मांडीवर घेऊन, खांद्याला खांदा लावून बसले होते.

"फेटा तिरपा बांधला त्यानं," धनराज म्हणाला.

"अन् गिअर किती जोरात टाकते," कैलाश म्हणाला.

लग्न मोहाडीजवळच्या गावात लागलं. नवरी घेऊन निघता निघता दिवस मावळला. नवरा-नवरी पुढे हिरालालशेजारी बसले, बाकीचे मागे. तुमसरच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. धनराज पाय मोकळे करायला उतरला, पुढे गेला आणि तिथेच थबकला. उजेड फक्त रस्त्याच्या उजव्या अंगाला पडत होता.

"हिरालालभाऊ," तो म्हणाला, "तुमचा डावा दिवा बंद आहे."

"हाव जी," हिरालालने खिडकीतून फेट्यासकट डोकं काढलं. "दिवाळीपासून बंद आहे. एकावर चालते ना मस्त."

मागून गोपीचंदरावांचा आवाज आला. "याले म्हणते गाडी! एका दिव्यावर नवरा-नवरी घेऊन चालली, कुरकुर नाही. शिका काही, जवाईबापू."

ज्योत्सना आणि चंदा पदराआड हसल्या. कैलाशही उतरून धनराजच्या शेजारी येऊन उभा राहिला. दोघांनी त्या बंद दिव्याकडे पाहिलं. मग फेट्याकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. आणि आपापलं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच दोन्ही साडूंच्या मनात एकाच वेळी एकच गोष्ट आली.

"हिरालालभाऊ," कैलाश अतिशय गोड आवाजात म्हणाला, "उद्या गाडी घेऊन तुमसरले या ना. धनराजभाऊच्या घरी."

"कायले जी?"

"दिवा लावून देतो," धनराज म्हणाला. "आम्ही दोघं आहोत. अर्ध्या घंट्याचं काम आहे."