तांबड्या गाडीच्या काचा कशा फत्ते झाल्या त्याची हकीकत

सूर्य जोवर तापतो आणि मनुष्यप्राणी जोवर मोटारीत बसोन "काय हे ऊन!" म्हणतो, तोवर ही हकीकत टिकावी, या हेतूने लिहिण्यास आरंभ केला असे. वाचणाराने पंख्याखाली बैसावे, चित्त स्थिर करावे, आणि या लढाईत रक्त किती सांडले हे पुसू नये. घाम सांडला, तो घागरीने मोजावा.

दंतवैद्य भाऊसाहेब म्हणोन एक मातबर असामी होते. परक्याच्या तोंडात बेधडक हात घालावा, अक्कलदाढेसारखा हट्टी गनीम मुळासकट उपटून ताटलीत ठेवावा, ऐसा त्यांचा लौकिक. परंतु घरी स्वतःचे तोंड उघडण्याची ताकद नाही. कारण घरात त्यांच्या मातोश्री आईसाहेब होत्या, आणि त्यांचे जोडीस भाऊसाहेबांचे कुटुंब, मुख्याध्यापिका बाईसाहेब, ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने शाळेचा अख्खा जिना चिडीचूप होत असे. या दोन बलाढ्य सत्तांचे दरम्यान भाऊसाहेब अडकित्त्यातील सुपारीप्रमाणे राहिले, आणि सुपारीप्रमाणेच तक्रार न करिता राहिले.

ऐशियास, आईसाहेबांचे कातडीस उन्हाचा विकार जडला. ऊन लागताच गालावर आणि मानेवर पुरळ उठावे आणि निखारे ठेविल्यासारखी आग व्हावी. मग कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी फर्मान काढिले की, दिवसा उन्हात पडू नये, आणि मोटारीच्या दाराच्या साध्या काचेतूनही वाईट किरण आत येतात, सबब मोटारही वर्ज्य. येणेप्रमाणे आईसाहेब आपल्याच घरी नजरकैदेत पडल्या.

आता शहराच्या दुसऱ्या टोकास आईसाहेबांची पाठची बहीण राहात होती, तीस सर्व धाकटी मावशी म्हणत. तिचे खुब्याचे हाड मोडिले होते, आणि ती लोखंडी वॉकर धरोन खोलीतल्या खोलीत मुलूखगिरी करीत होती. दिवेलागणीस औषध घेई आणि तात्काळ गाढ झोपी जाई, त्यामुळे संध्याकाळची भेटही खुंटली. मग दोघी बहिणींत फोनवर चकमक झडली.

"तुला यायचंच नाहीये, सांग ना सरळ. उन्हाचं बरं निमित्त सापडलंय!" धाकटी मावशी म्हणाली.

"हो, तुझ्यासाठी मुद्दाम थोबाड सुजवून घेतलंय मी!" ऐसे बोलोन आईसाहेबांनी फोन आपटिला, आणि त्या दिवसापासून उभयतांमधील डाक बंद पडली.

यानंतर एके सकाळी भाऊसाहेब दवाखान्यास निघाले असता त्यांनी पाहिले की, आईसाहेब बाहेर जावयाच्या चपला कपाटातून काढितात, फडक्याने पुसितात आणि पुनः कपाटात ठेवितात. चपलांवर धूळ मुळीच नव्हती. त्या दिवशी त्यांनी एका रोग्याची भलतीच दाढ बधिर केली, आणि तो बिचारा उगाच अर्ध्या तोंडाने हसत घरी गेला.

मग मसलत भरली. तीत बाईसाहेबांचे धाकटे बंधू मेहुणेराव, आमंत्रण नसता, दाखल झाले. हे विमा विकून उदरनिर्वाह करीत, परंतु जगातील यच्चयावत् ज्ञान मोबाइलवरील व्हिडिओंतून संपादिले होते, आणि ते ज्ञान उतू जात असे.

"काळं म्हणजे थंड, भाऊजी. सोपा हिशोब आहे. सगळ्या काचा काळ्या कुळकुळीत करून टाकू. रुबाबही येतो."

ऐसे बोलोन मेहुणेरावांनी भाऊसाहेबांची तांबडी गाडी नेली आणि कोणा ओळखीच्याकडून अगदी स्वस्तात, पुढची मोठी काच तेवढी सोडोन, सर्व काचांस काळी फिल्म चिकटवून आणिली. गाडी पाहून शेजारचे कुत्रे भुंकिले, आणि ते शहाणे होते, कारण पुढे जे घडले ते भुंकण्याजोगेच होते.

भर दुपारी स्वारी धाकट्या मावशीकडे निघाली. आईसाहेब मागे डावीकडे बैसल्या, बाईसाहेब उजवीकडे. काही वेळाने आईसाहेब पुसत्या जाहल्या:

"अरे, मला भेटायला नेताय की पळवून नेताय? बाहेरचं काही दिसेना. लोकांना तरी मी दिसतेय का?"

"नाही, आईसाहेब. बाहेरून कुणालाच काही दिसत नाही!" पुढे बसलेले मेहुणेराव छाती फुगवून म्हणाले.

"मग गाडी कशाला घेतली? पोत्यात घालून न्यायचं होतं की!"

त्यात काळ्या फिल्मने उन्हाचा उजेड तेवढा अडविला, उष्णता मात्र पाहुणी म्हणोन आत घेतली. काचा तव्यासारख्या तापल्या, मेहुणेरावांचे केसांचे जेल वितळोन कानापाशी आले, आणि आईसाहेबांस भोवळ येऊ लागली. अर्ध्या वाटेवरून फौज माघारी फिरली. इमारतीच्या तळघरात गाडी मागे घेताना भाऊसाहेबांस पाठीमागे अंधाराशिवाय काही दिसेना, आणि तेथे एक खांब अनादि काळापासून उभा होता, त्यावर गाडी जाऊन आदळली. मागचा दिवा धारातीर्थी पडला. आईसाहेब तडक लिफ्टकडे चालत्या जाहल्या. बाईसाहेबांनी बंधूंकडे पाहिले. ते पाहणे ऐसे होते की मेहुणेरावांस आपली सहावीची वार्षिक परीक्षा आठवली.

हा पराभव भाऊसाहेबांचे जिव्हारी लागला. रोग्यांचे जबडे उघडे ठेवून ते काचांचा विचार मोठ्याने करू लागले. मग कोणा एका रोग्याने, तोंडात कापूस असता, "हेहॅमिक" ऐसा उच्चार केला. कापूस काढिल्यावर तो शब्द "सिरॅमिक" निघाला. ती फिल्म काळी नसली तरी उष्णता आणि वाईट किरण अडविते, ऐसे वर्तमान कळताच भाऊसाहेबांनी रविवारी बाईसाहेबांसह काचफिल्मच्या दुकानावर चढाई केली. मेहुणेराव पश्चात्तापाने मागे मागे आले.

दुकानाच्या मालकीणबाई जाड, दमेकरी आणि विक्रीस बहुत उतावीळ होत्या. गिऱ्हाईक गल्लीत दिसताच त्याच्या काचांचा रंग ठरवून मोकळ्या होत. त्यांनी सर्वांत काळी आणि सर्वांत महाग सिरॅमिक फिल्म पुढे केली आणि म्हणाल्या, "हीच घ्या. सगळ्या काचांना एकच. विचार कशाला करता?"

बाईसाहेब विचार करूनच या पदास पोचल्या होत्या, त्यामुळे त्यांनी दिवा मागविला. हा दिवा म्हणजे उष्णतेची मोठी मशाल, तीपुढे फिल्म लाविलेले काचेचे तुकडे धरोन मागे हात ठेवावयाचा. मेहुणेरावांनी आपली बाजू सावरण्यास्तव जुन्याच जातीच्या काळ्या फिल्मचा तुकडा उचलिला, त्यामागे हात धरिला आणि "बघा, काही होत नाही," म्हणतात तोच "आई गं!" करून दुकानाच्या दाराशी गेले. मग भाऊसाहेबांनी हात धरिला तो जवळजवळ पारदर्शक अशा सिरॅमिक तुकड्यामागे. दिव्याचा उजेड डोळ्यात शिरत होता आणि तळहात मात्र कोमट. भाऊसाहेबांस गहिवर आला. दाताच्या सिमेंटखेरीज कोणत्याही मालाने त्यांस आजवर गहिवर आणिला नव्हता.

तरीही काचांची वाटणी व्हावयाची होती, आणि वाटणी म्हटली की भाऊबंदकी. पुढच्या मोठ्या काचेविषयी तंटा नव्हता, कारण तेथे अंधार करणे सरकारी नियमास मंजूर नाही. सबब तीस सर्वांत उजळ सिरॅमिक नेमिली. पुढच्या दोन्ही दारांस किंचित सावळी, इतकीच की संध्याकाळी बाजूचा आरसा आणि त्यातील दुचाकीस्वार दोन्ही दिसावे, ऐसे ठरले. पाठीमागची काच बाईसाहेबांनी आपल्या ताब्यात घेतली, कारण गाडी त्याही चालवीत, आणि म्हणाल्या, "मला मागचा खांब दिसला पाहिजे. खांबाला मी दिसले नाही तरी चालेल." तीस मध्यम सावळी दिली.

राहिली मागची दोन दारे. तेथे खरे रण पेटले. मालकीणबाई आणि मेहुणेराव एक होऊन गर्द काळीवर अडोन बैसले. तेव्हा भाऊसाहेबांनी घरी फोन लाविला आणि आईसाहेबांचा कौल मागितला.

"मला बाहेरचं दिसायला हवं. आणि मी बसलेय हे बाहेरच्यांनाही दिसायला हवं. चोरासारखी नाही जाणार मी माझ्या बहिणीकडे."

"पण उजवीकडून दुपारी ऊन फार येतं," बाईसाहेब म्हणाल्या. "उजवं दार गर्दच हवं."

"मग डावंही गर्द करा," मेहुणेराव म्हणाले. "नाहीतर एक काळं, एक पांढरं! भाऊजी, गाडी डोळा मारतेय असं दिसेल हो. लोक हसतील."

मालकीणबाईही म्हणाल्या की, आजवर ऐसी विजोड गाडी या दुकानातून गेली नाही, आणि जाऊ देणार नाही. बाईसाहेबही क्षणभर घुटमळल्या, कारण शाळेच्या फाटकातून डोळा मारणारी गाडी नेणे मुख्याध्यापिकेस सोपे नव्हे. सर्वांनी भाऊसाहेबांकडे पाहिले, ते या भरवशाने की हे गृहस्थ आता "बघा, तुम्ही म्हणाल तसं," म्हणतील. भाऊसाहेबांच्या डोळ्यांपुढे त्या पुसलेल्या चपला आल्या. आणि मग, जे तोंड संसारात कधी उघडले नव्हते ते उघडले.

"मारू दे डोळा," ते म्हणाले. "आईच्या काचेला तीच पुढची, उजळ. किरण तिच्यातूनही येत नाहीत ना? झालं तर. हसणाऱ्यांचे दात दिसतील, मला गिऱ्हाइकं मिळतील. बसवा."

बाईसाहेबांनी पतीकडे ऐसे पाहिले की जणू वर्गातील मागच्या बाकावरील मुलाने एकाएकी उत्तर दिले. मालकीणबाईंनी निमूट कातर उचलिली.

मग जुनी काळी फिल्म वाफेने सोलोन काढिली, काचा साबणपाण्याने धुतल्या, आणि नवी फिल्म रबरी पट्टीने दाबून दाबून बसविली. पाण्याचे फुगे आणि धुके काही दिवस काचेत राहिले, ते पाहून मेहुणेराव "फसवलं!" म्हणत हिंडले, परंतु फुगे सुकले, धुके विरले, आणि त्याबरोबर मेहुणेरावही थोडके दिवस विरळ झाले.

डॉक्टरीणबाईंनी काचा तपासून जाण्यास परवानगी दिली. मग बाईसाहेबांनी मावशीस फोनवर वर्दी दिली, आणि शुभ्र दुपारी पुनः कूच झाले. गाडी चौकाचौकात डोळा मारीत चालली, आणि लोक हसिले, ही गोष्ट खरी आहे. ती दडविणे बखरकारास शोभत नाही. परंतु आत हवा गार होती, आणि आईसाहेब काचेशी बैसोन नवी दुकाने, तोडलेली झाडे, रंग दिलेली इमारत, सर्व मुलूख नजरेखाली घालीत होत्या. सिग्नलवर एका अनोळखी बाईने पाहिले, तीस त्यांनी मान लवविली. भाऊसाहेब आरशातून हे पाहात होते, आणि मागच्याने भोंगा वाजविला तेव्हा कुठे गाडी पुढे नेते जाहले.

येणेप्रमाणे स्वारी धाकट्या मावशीच्या इमारतीखाली पोचली. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, भर उन्हात, वॉकर धरोन मावशी उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. घामाने तिचे केस कपाळास चिकटले होते. दोघी बहिणींनी काचेतून एकमेकींस पाहिले. आणि भाऊसाहेब हात आडवा घालणार इतक्यात, आईसाहेबांनी बटण दाबून ती सर्वांत उजळ, सर्वांत तंट्याची सिरॅमिक काच सरसर खाली दाराच्या पोटात उतरविली, मान बाहेर काढिली आणि गर्जना केली:

"ए बावळे! उन्हात काय उभी राहिलीस? आत जा आधी!"

"तू आत घे मुंडकं!" वरून तोफ धडाडली. "मोठी आली शहाणी!"

"आई, ऊन! काच वर घे!" भाऊसाहेब ओरडले. बाईसाहेबांनी छत्री उघडिली ती गाडीतच उघडली. कोणी कोणाचे ऐकिले नाही. दोघी बहिणी एकमेकींस आत जावयास सांगत राहिल्या, आणि दोघींपैकी एकही आत गेली नाही.

दुसरे दिवशी आईसाहेबांचे डाव्या गालावर पुरळ उठले, ते त्यांनी जखमी सेनापतीच्या दिमाखाने डॉक्टरीणबाईंस दाखविले. तथापि मोहीम फत्ते झाली, ऐसे येथे नमूद करितो. काच खाली असता झाली, सबब तिचे श्रेय काचेस द्यावे की कसे, याचा निवाडा विद्वानांनी उन्हे उतरल्यावर करावा.