परताव्याचे पेढे

उदयसिंहांच्या शिरोलीतल्या फौंड्रीत पंपांचे सुटे भाग ओतले जात आणि थेट जर्मनीला जात. निर्यातीच्या मालावर भरलेला कर सरकार परत देतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण खेटे न घालता, कुणाच्या हातापाया न पडता तो बँकेत जमा होतो, हे त्या सोमवारी पहिल्यांदाच कळलं. त्यांनी तडक साचे काढायचं नवं मशीन बुक केलं, दोन किलो पेढे घेतले आणि कर कार्यालय गाठलं.

परताव्याचं काम बघणाऱ्या अधिकारी संयोगिता मॅडम खुर्चीसकट मागं सरकल्या. "आधी ते टेबलावरून उचला. इथं कॅमेरा आहे."

"अवो, काम तर झालंय की. काम झाल्यावर कोण लाच देतंय?"

"तुमचाच कर तुम्हाला परत मिळाला. आभार मानायचेच असतील तर माल ज्यांनी बनवला त्यांचे माना."

शिपायानं पेढा घेतला नाही, वॉचमननंही नाही. कोल्हापुरात गोडाला नाही म्हणणारी माणसं असतात, हे उदयसिंहांच्या मनाला फार लागलं. पण मॅडमचं बोलणंही पटलं. वीस वर्षांत कामगारांना पगार आणि शिव्या वेळेवर दिल्या, आभार तेवढे राहून गेले होते.

दुपारी त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि हात जोडले. "तुम्ही होता म्हणून हे दिवस बघितलं. लई उपकार झालं तुमचं." एवढं बोलून, पेढ्यांचा बॉक्स बाकावर ठेवून ते केबिनमध्ये गेले.

नेमका त्याच वेळी जुनं मशीन बघायला कागलचा भंगारवाला टेप घेऊन आला.

झालं, कामगारांत कुजबुज सुरू. मालक हात जोडतोय, मशीन भंगारात निघालंय, म्हणजे फौंड्री कर्नाटकात चालली. संध्याकाळपर्यंत बेळगावात जागा घेऊनही झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून कुणी चहाला पाच मिनिटं जादा घेईना. रोज शंभर साचे निघत, ते दीडशेवर गेले. हा गोड बोलण्याचा गुण, असं वाटून उदयसिंह आणखी गोड बोलू लागले आणि कामगार आणखी घाबरले.

शुक्रवारी सगळ्यांत जुना कामगार आकाराम तो बॉक्स घेऊन केबिनमध्ये आला. एकही पेढा कमी झाला नव्हता.

"मालक, निरोपाचा पेढा घशाखाली उतरत न्हाय. दीडशे काढलं, दोनशे काढू. पर फौंड्री हलवू नका."

"कुठं हलवतोय?"

"बेळगावला. समद्यांस्नी ठावं हाय."

"आरं येड्या, नवं मशीन घेतलंय मी, म्हणून जुनं इकतोय. गप खावा ते पेढं, न्हायतर एकेकाला..." आणि चार दिवस कोंडलेल्या शिव्या त्यांनी एका दमात बाहेर काढल्या. दोनशे काढू म्हणणारी माणसं आपल्याला लाभली, याचे आभार कसे मानायचे ते त्यांना आता खरोखरच कळेना.

आकाराम डोळे पुसत बाहेर आला. "भिऊ नका गड्यांनो, मालक पैल्यासारखं झाल्यात." दोन किलो पेढे दोन मिनिटांत संपले.

साचे मात्र दीडशेच्या खाली आले नाहीत. महिन्याभरानं उद्योजकांच्या संघटनेचा फॉर्म आला. 'परताव्यामुळे उत्पादन वाढले का?' उदयसिंहांनी लिहिलं, 'होय, दीडपट.' खाली विचारलं होतं, 'कोणत्या मशीनमुळे?'

त्यांनी काचेतून नव्या मशीनसाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेकडं पाहिलं. तिथं आकाराम मंडळी डबे उघडून जेवायला बसली होती.

उदयसिंहांनी लिहिलं, 'मशीन अजून यायचंय.'